महानंदाबाईंची बँक बॅच

सोलापुरात नव्या पेठेत, कापडाच्या दुकानांच्या वर, आबासाहेबांचा टायपिंगचा क्लास होता. लाकडी जिना चढून गेलं की एक लांबट खोली, भिंतीला लागून बारा मशिनं आणि खिडकीशी आबासाहेबांचं टेबल. आबासाहेब मोहोळकडचे. घरची शेती भावांवर सोपवून ते शहरात आले होते. टापटिपीचं त्यांना वेड होतं. मशिनवर कापड न घालता कुणी उठलं, तर अर्ध्या जिन्यावरून त्याला परत बोलवायचे.

१९७० च्या जूनमध्ये महानंदा हत्तुरे तो जिना पहिल्यांदा चढली. एकोणीस वर्षांची, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. वडील सिद्रामप्पा गिरणीत बदली कामगार. सकाळी भोंग्याच्या आधी दारात जाऊन उभं राहायचं, काम मिळालं तर ठीक, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी यायचं. धाकट्या दोन बहिणी शाळेत.

"सर, फी द्यायला जमणार नाही लगेच," ती म्हणाली. "पण टायपिंग आल्याशिवाय नोकरी नाही म्हणतात."

आबासाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "फी ऱ्हाऊ दे. सकाळी सहाच्या बॅचला येत जा. मशिनं पुसायची, नव्या पोरांना बोटं कुटं ठेवायची ते दाखवायचं. जमंल?"

जमलं. चार महिन्यांत तिची बोटं न बघता चालायला लागली. सरकारी परीक्षेत चाळीस शब्दांचा स्पीड निघाला, पुढच्या वर्षी बी. कॉम. झाली, आणि आबासाहेबांनी स्वतःहून तिला पगार सुरू केला. पोरं तिला महानंदाबाई म्हणायला लागली. त्या पावसाळ्यात तिच्या चाळीतल्या खोलीचा पत्रा गळायला लागला तेव्हा आबासाहेबच म्हणाले, "पोरी, तुझी सर्टिफिकिटं हितं आणून ठेव माझ्या कपाटात. भिजली तर युनिव्हर्सिटीचे उंबरे झिजवावे लागतील." तिने सगळे मूळ कागद आणून दिले. आबासाहेबांनी नवी फाईल काढून तिच्यावर वळणदार अक्षरात तिचं नाव घातलं आणि लोखंडी कपाट बंद केलं.

ते दिवस बँकांचे होते. तालुक्यातालुक्यात नव्या शाखा उघडत होत्या, पेपरात जाहिराती यायच्या, आणि कॉमर्स झालेली पोरं अर्ज टाईप करून घ्यायला क्लासात गर्दी करायची. लेखी परीक्षेत बरीच गळायची. उरलेली मुलाखतीत पडून यायची. असाच एक फर्स्ट क्लासवाला मुलगा पुण्याहून पडून आला आणि कोपऱ्यात बसून राहिला. महानंदाने विचारलं, "काय विचारलं रे?"

"चेक क्रॉस करणं म्हणजे काय, असं विचारलं. मी व्याख्या घडाघडा सांगितली. मग साहेबांनी ड्रॉवरमधून चेक काढून पुढ्यात ठेवला. म्हणाले, करून दाखवा. बाई, मला रेघा कुठं मारायच्या तेच कळेना. मी चेक कधी हातात धरलाच नव्हता."

चेक महानंदानेही कधी हातात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एका बँकेत जाऊन बाकावर बसली. लोक येत होते, स्लिपा भरत होते, टोकन घेत होते, चुकत होते, शिपायाला विचारत होते. तीन दिवस ती अशी जाऊन बसली. चौथ्या दिवशी शिपायाने हटकलं तेव्हा तिने खरं ते सांगून टाकलं. हेड कॅशियर म्हातारा, बरा माणूस होता. त्याने तिला आत बोलावून कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा दिला आणि रद्द झालेला एक चेक दाखवला.

मग क्लासाच्या मागच्या अंगाला तिने दोन टेबलं जोडून काउंटर मांडलं. वर लाकडी चौकटीत ठोकलेली जाळी, टोकनांच्या जागी कोटाची मोठी बटणं. एका पोराला जाळीमागे बसवायचं आणि आपण गिऱ्हाईक व्हायचं. कधी ती अंगठेबहाद्दर म्हातारी व्हायची, कधी सहीवरून भांडणारा व्यापारी, कधी फक्त कानडी बोलणारा अक्कलकोटकडचा शेतकरी. त्यानंतर खुर्ची फिरवून ती साहेब व्हायची आणि इंग्रजीतून मुलाखत घ्यायची. आबासाहेबांनी जिन्यापाशी पाटी लावली, 'बँक बॅच'. पहिल्या वर्षी चौघे बँकेत लागले. दुसऱ्या वर्षी अकरा.

त्या अकरांत धुळाप्पा होता. सांगोल्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला. दुष्काळात घरची माणसं मेंढरं घेऊन कर्नाटकात उतरली होती आणि हा इथे वसतिगृहात राहून शिकत होता. गणितात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण महानंदा साहेब होऊन समोर बसली, की त्याची नजर टेबलाच्या पायाशी जायची.

"काय होतं तुला?" तिने एकदा बाकीची पोरं गेल्यावर विचारलं.

"बाई, लिवायला सांगा कितीबी. साहेब म्हनून कुनी म्होरं बसलं की तोंडच उगडत न्हाय."

"मेंढरं विकायला बाजारात गेलायस ना कधी?"

"व्हय. धा वर्साचा हुतो तवापासनं जातोय की."

"मग मी व्यापारी. बोल."

धुळाप्पा एकदम सरळ बसला. पहिला भाव तिने निम्म्याने सांगितला तशी त्याची मान वर झाली, आवाज चढला, आणि पाच मिनिटांत त्याने तिला पुरतं गुंडाळलं. ती हसायला लागली. "आता हेच, एवढ्याच आवाजात, साहेबाला सांग. आधी आपल्या भाषेत सांग, मग इंग्रजीत." महिनाभर हेच चाललं. धुळाप्पा लागला. त्याला मोहोळची शाखा मिळाली, आणि पहिल्या पगाराला तो घोंगडी घेऊन आला. "आईनं दिलीय. न्हाय म्हनू नगा."

स्वतः अर्ज करायचा, हे महानंदाच्या मनात पहिल्यापासून होतंच. आबासाहेबांना ती दरवर्षी म्हणायची आणि ते दरवर्षी म्हणायचे, "कर की. पन एवढी बॅच निघू दे." बॅच निघायची आणि दुसरी बसायची.

चौऱ्याहत्तरमध्ये तिने हट्टाने अर्ज केला. लेखी परीक्षा पास झाली. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, मूळ कागद घेऊन या म्हणून. आबासाहेबांना तिने आठ दिवस आधी सांगितलं. ते मान हलवून "देतो" म्हणाले, आणि आदल्या दिवशी सुगीसाठी गावी निघून गेले. चावी जानव्यासारखी कायम त्यांच्या अंगावर. ती धावत त्यांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोने, सोनाबाईंनी, तिला पाटावर बसवून पाणी दिलं. "कपाटाची चावी त्येंच्याजवळच असती गं. मी तरी काय करू?"

तिकीट काढलेलं होतं. गाडी तिच्याविना गेली.

परत आल्यावर आबासाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "ध्यानातनंच गेलं बघ! पोरी, मला मार." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं वाटत नव्हतं. पुढच्या महिन्यापासून त्यांनी तिचा पगार वाढवला. सिद्रामप्पांना फार बरं वाटलं. त्यांना आता महिन्यातून आठ-दहा दिवसच काम मिळत होतं. "अव्वा, देवमाणूस आहे तो," लेकीला लाडाने कानडीत 'आई' म्हणत ते बोलले. "बँकेत गेलीस तर कुठं टाकतील नेऊन, काय सांगावं? इथं घरात राहून सन्मानाची नोकरी आहे."

घर खरंच तिच्या पगारावर चाललं होतं. तिला बघायला पाहुणे येत, आणि ते गेल्यावर आई नागम्मा म्हणायची, "तुझं झाल्यावर मधलीचं," आणि वडील विषय बदलायचे. मग हळूहळू पाहुणे थोरलीला सोडून मधलीलाच बघायला यायला लागले. तेही कुणी ठरवून केलं नव्हतं. रोज सकाळी साडेपाचला ती घराबाहेर पडायची, तोच रस्ता, तोच जिना, तोच मशिनच्या तेलाचा वास. भिंतीवर बँकेत लागलेल्या पोरांचे फोटो वाढत चालले होते. एकदा तिने मोजले, त्रेपन्न होते. मोजल्यावर उगाच मोजले असं वाटलं.

पंच्याहत्तरमध्ये तिने दोन बँकांत अर्ज केले. चाळीत टपाल इकडेतिकडे पडतं म्हणून पत्ता नेहमीप्रमाणे क्लासाचा दिला. दोन्हीकडून काहीच आलं नाही. तिच्याबरोबर अर्ज केलेल्या पोरांना बोलावणी आली, तिनेच त्यांची तयारी करून घेतली. आपल्यात काही कमी असेल, असं तिने मनाशी धरून टाकलं. ती रोज आरशासमोर इंग्रजी बोलून बघायची, ते तिने त्यानंतर बंद केलं.

शहात्तरच्या जूनमध्ये धुळाप्पा क्लासात आला. हातात पेपरातलं कात्रण होतं. इकडचं तिकडचं न बोलता त्याने ते तिच्या पुढ्यात ठेवलं. "बाई, एक जुलैला वयाची सव्वीस पुरी नसावीत. तुमची सप्टेंबरात व्हत्यात. ही शेवटची."

"मला बोलावत नाहीत रे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी दोन्हीकडून नाही आलं."

धुळाप्पा तिच्याकडे बघतच राहिला. "न्हाय आलं? बाई, गेल्या वर्षी मला टिरेनिंगला पुण्याला धाडलं हुतं. तवा एका ऐतवारी बँकेच्या लेखी परीक्षेला मदतीला बसिवलं मला. बाकावर तुमचं नाव चिकटवल्यालं हुतं. महानंदा सिद्रामप्पा हत्तुरे. बाक रिकामा. मला वाटलं, तुमीच आला न्हाईत. ईचारायचा धीर झाला न्हाय."

मशिनं खडखडत होती. खिडकीशी आबासाहेब कुणाचा तरी कागद तपासत होते. महानंदाने कात्रणाची घडी घातली आणि ते वहीत ठेवलं.

"ह्या वेळी पत्ता माझ्या शाखेचा घाला," धुळाप्पा हळूच म्हणाला. "टपाल माझ्या हातात पडतं."

तसं केलं. लेखी परीक्षेला एका रविवारी ती कुणाला न सांगता जाऊन आली. ऑक्टोबरात मुलाखतीचं पत्र धुळाप्पाने मोहोळहून आणून दिलं. ते घेऊन ती थेट आबासाहेबांच्या टेबलापाशी गेली. दुपारची वेळ होती, क्लास रिकामा होता.

"सर, माझी फाईल पाहिजे."

आबासाहेबांनी पत्र वाचलं. मग चावी काढली, कपाट उघडलं आणि वरच्या खणातली तिची फाईल ओढून तिच्या हातात दिली. देता देता त्यांचा हात मध्येच थांबला. फाईल तोवर तिच्याकडे आली होती.

तिने ती टेबलावर उघडली. मॅट्रिकचं, बी. कॉम.चं, टायपिंगचं सर्टिफिकिट, आणि सगळ्यांत वर गेल्या वर्षीच्या दोन्ही बँकांची लांब पाकिटं. व्यवस्थित कापून उघडलेली, प्रत्येकावर आल्याची तारीख आबासाहेबांच्या वळणदार अक्षरात. ज्याचा कागद त्याच्या फाईलला लावायचा, ही त्यांची शिस्त. दाबून ठेवलेला कागदही त्यांनी जागच्या जागी लावला होता.

"ही कधी आली?" तिने विचारलं. तारीख समोर होती तरी विचारलं.

आबासाहेब वर पंख्याकडे बघत राहिले.

"सर, मी तुम्हाला विचारतेय."

"पोस्टमननं आनून दिली," ते म्हणाले. "दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तुला द्यायला हात व्हईना. तू गेलीस तर हितं काय ऱ्हातंय, सांग? टायपिंगला आता गल्लोगल्ली क्लास झाल्यात. पोरं येत्यात ती तुझ्यासाठी. मी म्हातारा मानूस."

"मला वाटलं, मीच नालायक आहे. वर्षभर वाटत होतं."

"तसं कवाच वाटू द्यायचं नव्हतं मला," ते म्हणाले, आणि ते म्हणणंही खरं होतं, म्हणूनच तिला ते सहन होईना. फाईल छातीशी धरून ती जिना उतरली.

पुण्यात मुलाखतीला बाहेर बाकावर वीसेक जणं होती. एका घाबरलेल्या मुलीचे कागद तिने क्रमाने लावून दिले, तिला पाणी प्यायला लावलं. मग तिचं नाव पुकारलं गेलं. आत तीन साहेब टेबलापलीकडे बसले होते. ती समोरच्या खुर्चीत बसली, आणि तिच्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत ह्या बाजूला ती एकदाही बसली नव्हती.

पहिला प्रश्न सोपा होता, स्वतःबद्दल सांगा. तिच्या डोक्यात एकाच वेळी साठ पोरांची उत्तरं आली. धुळाप्पाचं आलं, त्या फर्स्ट क्लासवाल्याचं आलं. तिचं स्वतःचं कुठेच नव्हतं.

"सध्या काय करता?" दुसऱ्या साहेबाने मराठीत विचारलं.

"शिकवते."

"काय शिकवता?"

"मुलाखत कशी द्यायची ते."

तिघेही मोठ्याने हसले. वाईट मनाने नव्हे. पण तिचे कान तापले आणि त्यानंतर विचारलेल्याला तिने हो-नाहीपुरतंच उत्तर दिलं. शेवटी तिसऱ्या साहेबाने, जो फारसा बोलला नव्हता, तिला विचारलं, "अंगठा उठवणारी बाई पैसे काढायला आली आणि फोटो जुळत नाही. काय कराल?" तेवढ्या एकाच उत्तराला तिचा आवाज लागला. त्या म्हातारीची भूमिका तिने इतक्यांदा केली होती, की ती कुठे घाबरते, कुठे चिडते, तिला ओळखणारा माणूस कसा शोधायचा, सगळं तिने सांगितलं. साहेबाने काहीतरी लिहून घेतलं.

निकाल लागला. यादीत नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं, अकरावं. सव्वीस पुरी झाली होती.

ती क्लासात परत गेली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. अडतीस मुलामुलींची बॅच अर्ध्यावर होती आणि घरी मधलीचं लग्न ठरत होतं. आबासाहेब तिच्याशी कामापुरतं बोलायचे, तीही तसंच. आता कपाटाची चावी दिवसभर कुलपालाच लटकत असायची. ती कधी तिकडे बघायची नाही. काउंटरच्या जाळीमागे पोरं बसायची, ती म्हातारी व्हायची, व्यापारी व्हायची. एका दुपारी साहेबाच्या खुर्चीत बसल्यावर तिला पुढचा प्रश्नच आठवेना. सगळी पोरं वही-पेन घेऊन वाट बघत बसली. तिने पाणी मागवलं आणि "आज इतकंच" म्हणून उठली. घरी जायची वेळ झाली नव्हती, म्हणून सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी जाऊन बसली. आपण म्हातारी होईपर्यंत हे असंच चालेल, हे तिला तिथे अगदी स्वच्छ दिसलं. रडू मात्र आलं नाही. उठून ती संध्याकाळच्या बॅचला गेली. त्या हिवाळ्यात तिच्या हाताखालची नऊ जणं लागली.

मार्चमध्ये, कामाच्या दिवशी, धुळाप्पा अर्ध्या रजेवर एस.टी.ने आला. जिना त्याने दोन-दोन पायऱ्यांनी चढला असावा, कारण बोलताना त्याला धाप लागत होती. "बाई! वरच्या यादीतली लई जनं हजरच झाली न्हाईत. तुमचा नंबर लागला. कुर्डुवाडी."

त्याने पुढे केलेलं पत्र तिने उभ्याउभ्या दोनदा वाचलं. मग आबासाहेबांकडे नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि तिला परत केलं. "बॅच पुरी करून जाशील?" ते सवयीने म्हणाले, आणि स्वतःच ओशाळून दुसरीकडे बघायला लागले.

"नाही सर. सोमवारी हजर व्हायचंय."

घरी सिद्रामप्पा ऐकून अस्वस्थ झाले. "तरणी मुलगी परगावी एकटी राहणार? रोज गाडीने येऊन-जाऊन कर."

"नाही अप्पा. मी तिथेच राहणार."

"लोक काय म्हणतील?"

नागम्मा चुलीपाशी बसली होती. तिने भाकरी उलटली. "सहा वर्षं अंधारात पहाटे एकटी बाहेर पडत होती," ती म्हणाली, "तेव्हा लोक काय म्हणतात ते विचारलं होतं का तुम्ही?"

रविवारी सिद्रामप्पांनीच तिची वळकटी दोरीने घट्ट बांधली, दोनदा सोडून पुन्हा बांधली, आणि स्टेशनापर्यंत खांद्यावरून नेली.

कुर्डुवाडीत रेल्वेच्या वसाहतीमागे बजाबाई म्हणून एक विधवा होती, तिने एक खोली दिली. शाखेत पहिला आठवडाभर महानंदाला टपालाच्या आवक-जावकीवर बसवलं. काउंटरला बसायला वेळ होता. तिच्याच हाताखालून गेलेला एक मुलगा तिथे आता तीन वर्षांचा जुना होता. तो तिला "बाई" म्हणायचा आणि मॅनेजर प्रत्येक वेळी चमकून बघायचा. जेवणाच्या सुट्टीत ती रेल्वे वर्कशॉपच्या भिंतीकडे बघत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची आणि आपलं चुकलं की काय, असं तिला एक-दोनदा वाटूनही गेलं.

मग पहिला रविवार आला. साडेपाचला डोळे आपोआप उघडले. ती उठून बसली, चप्पल शोधायला पाय खाली सोडले आणि तशीच थांबली. कुठेही जायचं नव्हतं. ती परत आडवी झाली. पुन्हा जाग आली तेव्हा बजाबाई दारावर थापा मारत होती आणि उन्हं खोलीत मधोमध आली होती.

"अगं ए बाई, नऊ वाजून गेलं! बरं न्हाय व्हय?"

"बरी आहे," महानंदा आतून म्हणाली.

"मग उठ की. च्या ठिवलाय."

"येते थोड्या वेळाने," ती म्हणाली, आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.